आमटीत दिवा लावणारे चाचा

आमच्या शेजारचे इस्माईलचाचा आमटीत चमचा घालत नाहीत, तारा घालतात. दोन तारा, एक चौकोनी सेल आणि एक लहान लाल दिवा. दिवा पेटला की म्हणतात, "हाय. मीठ हाय."

चाचांचा अख्खा जन्म शिरोली एमआयडीसीत, लोखंडावर मुलामा चढवायच्या कारखान्यात गेला. टाकीतल्या पाण्यातून वीज कशी जाते ते कुणी न विचारताही सांगतात. "साखर पाण्यात नुसती विरघळून बसती. मीठ फुटतं. एक तुकडा ह्या तारंकडं पळतो, दुसरा त्या तारंकडं. त्यांच्या पळण्यावर दिवा लागतो." त्यामुळे चहात साखर किती, हे त्यांच्या दिव्याला कधीच कळलं नाही.

कोपऱ्यावरची आक्का म्हणायची, "चाचा, आमच्या सासूच्या तोंडात घाला की तारा. गल्लीभर उजेड पडंल."

माझा स्वयंपाक झाला की चाचा वाटी घेऊन दारात. "पोरी, दोन पळ्या आमटी दे." तारा बुडवायचे, डोळे बारीक करून दिवा बघायचे आणि न चाखताच जायचे. मला वाटायचं, माझ्या आमटीला नावं ठेवतात.

एक दिवस ते माझ्या उंबऱ्यावरच बसले, तेव्हा सगळं कळलं. तापात त्यांच्या जिभेची चव गेली होती. चाचीला लकवा झाल्यापासून स्वयंपाक त्यांच्याकडे. चाची फारशी बोलत नव्हती, दोन घास खाऊन ताट सारायची. वाळत चालली होती. माझी आमटी तेवढी तिला आवडायची.

"तुझ्याइतका दिवा लागंपर्यंत मीठ घालतो," चाचा म्हणाले. "तरी आज थुकली."

मी तारा बघितल्या. टोकं काळीहिरवी. माझ्या वाटीनंतर त्यांच्या पातेल्यात परतपरत बुडवून त्या आणखी मळायच्या, तिथं दिवा मंद, म्हणून चाचा मीठ घालतच गेलेले.

"कारखान्यात घासल्याबिगर एक खिळा टाकीत सोडला न्हाय," ते म्हणाले, "आन् ह्या तशाच."

आम्ही तारा चिंचेनं घासल्या. दोन तारांतलं अंतर हलू नये म्हणून बाटलीच्या बुचात खोचल्या. दुसऱ्या दिवशी दोन वाट्या शेजारी ठेवल्या, एक माझी, एक त्यांची. दिवा दोन्हीत सारखा लागला.

चाचांनी चाचीला आपल्या आमटीभाताचा घास भरवला. तिनं गिळला. दुसरा गिळला. मग तोंड उघडून वाट बघत राहिली. चाचांनी खिडकीतून हाक मारली, "आक्का, भात संपला. तुमच्यात हाय का?"

भात आला, तोही संपला. मग चाची वाकड्या तोंडानं हळूहळू म्हणाली, "कोथिंबीर... घातली न्हाय?"

चाचा तसेच उठले आणि उलट्या चपला घालून मंडईकडे निघाले. वाटेत दिसेल त्याला सांगत होते, "कोथिंबीर मागती."