भाकड गाईचं काय करतात

धडा पहिला: गाय

"गाईला चार सड असतात," असं म्हणून बाबांनी रबरी हातमोज्याचं पाचवं बोट गाठ मारून बंद केलं. मोजा आईच्या हॉस्पिटलातला. आत पाणी आणि खडूची पूड, कारण खरं दूध चहापुरतंच होतं. दूध केंद्रावर भेसळ पकडण्यात बाबांची उभी हयात गेली होती. मग तिथे एक मशीन आलं. ते चुटकीसरशी दूध तपासतं आणि चहा मागत नाही. बाबा घरी आले.

"घरीच आहात तर मुलांना काहीतरी शिकवा," नाइट ड्यूटीवरून आलेली आई म्हणाली आणि आतल्या खोलीत झोपायला गेली.

"मला परीक्षेला गाय नाही, त्रिकोणमिती आहे," थोरली म्हणाली.

"गाय सगळ्यांना असते. धाकटीला चार पाय, मधल्याला चार सड, तुला पोटाचे चार कप्पे."

"आणि फोन आला तर?"

फोन पलीकडे कपाटावर होता. मामाने बजावलं होतं, "दुपारी एकदाच करीन, दाजी. उचललात तर गोदामातली जागा तुमची. नाहीतर माझ्याकडे माणसं पुष्कळ आहेत."

"आला की मामा येऊन मला घेऊन जाणार," बाबा म्हणाले. धाकटीने मान वर केली. तिला नुकतीच बुटाची नाडी बांधता यायला लागली होती, त्यामुळे घरातलं काहीही सध्या मोकळं राहत नसे.

धडा दुसरा: वासरू

मधला गाय झाला, थोरली नाइलाजाने मालकीण, धाकटी वासरू.

"वासराने आधी थोडं प्यायचं, म्हणजे गाय पान्हा सोडते. मग त्याला ओढून बाजूला बांधायचं."

"का?" वासराने विचारलं.

"नाहीतर सगळं पिऊन टाकेल."

"पण दूध त्याचंच आहे ना?"

हा प्रश्न बाबांना नोकरीत कुणी विचारला नव्हता. तो खरेदी विभागाचा होता. त्यांच्याकडे फक्त तपासणी. त्यांनी वासराला कपड्यांच्या दोरीने टेबलाच्या पायाला बांधलं.

धडा तिसरा (हा शिकवायचा नव्हता)

"दूध संपलं की गाय काय करते?" गाईने विचारलं.

"भाकड होते. म्हणजे... आराम करते."

"बाबा, खोटं नका सांगू," थोरली म्हणाली. "व्यापारी येतो आणि घेऊन जातो."

"खायला तर लागतंच ना तिला," मधला विचारात पडला. "आणि उपयोग काहीच नाही?"

"शेण देते!" बाबा घाईने म्हणाले.

मधल्याने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. थोरलीने त्याला चिमटा काढला. म्हणजे तिलाही तेच सुचलं होतं.

बाबा खाली मान घालून मोजा पुन्हा भरत बसले. टेबलाखाली वासरू स्वतःची दोरी सोडवून कामाला लागलं होतं. त्यांना ते कळलं नाही.

फोन वाजला.

बाबा उठले, धावले आणि पालथे पडले. त्यांच्या घोट्यामागोमाग टेबल आलं, टेबलावरून पातेलं आलं, आणि मोजा पोटाखाली येऊन फुटला. चारही सडांनी एकदम पान्हा सोडला. आई धडपडत बाहेर आली, तिचा पाय पांढऱ्या पाण्यात पडला, आणि ती कपाटाला धरून उभी राहीपर्यंत फोन थांबला होता.

स्वाध्याय

तिने उलट फोन लावला. "हं, दादा... हो, इथेच आहेत... बरं. ठेव त्याला."

फोन तिने सावकाश खाली ठेवला. "दुसरा माणूस ठेवला त्याने. हे कुणी बांधलं?"

"मी," धाकटी म्हणाली. "मामा त्यांना न्यायला येणार होता ना. मी नाही विकू देणार."

बाबांनी गाठीला हात लावला नाही.

आईने पाय पुसला. "सोड त्यांना, बाळा," ती म्हणाली. "आता कुणी न्यायला येत नाही." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

धाकटीने बंद दाराकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि खात्रीसाठी आणखी एक गाठ मारली.