लालासाहेबांच्या दारात बसलेला हौशा

कुंडलजवळच्या वाडीत पहिला ट्रॅक्टर आला, त्याच वर्षी बेंदराला, बैलांच्या सणाला, घोटाळा झाला. वेशीत आडवी बांधलेली गवताची दोरी, म्हणजे कर, पहिल्यांदा तोडायचा मान नाथाजीच्या बैलाचा. त्याच्यापुढं कुणी जायचं नाही. आणि नाथाजीचा हौशा मागच्या पायानं लंगडा.

"दादा, कर तुटली न्हाई तर मान जाईल. मग हौशा बाजारात," धाकट्या भावानं, गुंडानं बजावलं होतं.

नाथाजी भाकरी घेऊन गोठ्यात गेला. बायको गेल्यापासून तो भाकरी गोठ्यातच खाई. हौशा सगळं ऐकून घेई आणि सल्ला देत नसे. घरात असं दुसरं कुणी नव्हतं.

मिरवणूक निघाली. हौशा चार पावलं टाकी, थांबे, विचार करी. मागोमाग बागायतदार लालासाहेबांचा ट्रॅक्टर, बॉनेटला बाशिंग बांधलेला. त्यांनी बैलं विकून तो घेतला होता आणि यंदाचा मान त्यालाच मागितला होता. पहिल्या गिअरात रांगून रांगून ट्रॅक्टर तापला आणि वाफ सोडून बंद पडला. हौशानं मागं वळून पाहिलं आणि लालासाहेबांच्याच दारात फतकल मारली.

ओढून झालं, पुचकारून झालं. हलगीवाल्यांचे हात भरून आले. दिवस कलला.

"बैल वेशीकडं जात न्हाई, तर कर आना की हिकडं," गर्दीतली म्हातारी दगडाबाई म्हणाली.

कर सोडून आणली, लालासाहेबांच्या सोप्याच्या खांबांना बांधली. हौशा उठला, लंगडत गेला, करीचा वास घेतला आणि खाऊ लागला. दोरीचे दोन तुकडे झाले.

"कर तोडायची असती," लालासाहेब गरजले, "खायची न्हाई."

हौशा रवंथ करत त्यांच्यापाशी गेला आणि सरावानं कोटाच्या उजव्या खिशात तोंड घालून गुळाचा खडा काढला.

गाव माना उंचावून बघू लागलं.

"आवं लालासाहेब," नाथाजीनं विचारलं, "ह्यो तुमचा खिसा कसा वळखतो?"

लालासाहेबांनी चपलेकडं पाहिलं. "पहाटं येतो कवातरी तुज्या गोठ्यात. ट्रॅक्टरसंगं किती बोलनार, गड्या? त्यो कान बी हलवत न्हाई."

मग घसा साफ करून त्यांनी जाहीर केलं, "कर तुटली."

"मग पहाट तुमची," नाथाजी म्हणाला. "सांजच्याला मी असतो."

गुंडा बाजूला कासरा गुंडाळत उभा होता. बाजाराचं नाव त्यानं काढलं नाही.

"दुपारचं," तो हळूच म्हणाला, "मला ऱ्हाऊ द्या."