साडेचार गुणांचं मत

माणसाला मत असणं हा निसर्गनियम आहे. ते सर्दीसारखं कुणालाही होतं आणि बहुतेकांचं आपोआप बरंही होतं. पण मत बरोब्बर अर्ध्या तासात होणं, ते पाच परिच्छेदांत मावणं आणि त्याला सहापैकी साडेचार गुण मिळणं ही विद्या आहे. तिचा क्लास अलिबागला एसटी स्टँडमागे, आइस्क्रीमच्या दुकानाच्या वर, आठवड्यातून तीनदा भरतो.

या विद्येशी माझी ओळख अमिषाताईमुळे झाली. ताई माझी सख्खी मोठी बहीण. ती बी.कॉम. झाली आणि तिने पुढचं शिकायला परदेशात जावं असं ठरलं. (ठरलं. कुणी ठरवलं, हे घरात कुणालाच नीट आठवत नाही.) त्यासाठी एक प्रवेशपरीक्षा असते. तिच्यात गणित असतं, इंग्रजी शब्द असतात आणि एक निबंध असतो. एक विधान देतात आणि विचारतात, तुमचं मत काय? ताईच्या विद्यापीठाला निबंधात साडेचार लागतात. पहिल्या खेपेला तिला तीन मिळाले.

चूक साधीच होती. विधान होतं, 'पर्यटनामुळे गावाचं भलं होतं.' आमचं घर नागावला. नारळाच्या वाडीत आमचं तीन खोल्यांचं होमस्टे आहे. ताई बारा वर्षांची असल्यापासून पाहुण्यांच्या चादरी बदलत आली आहे. तिने जे खरं वाटलं ते लिहिलं.

तोच निबंध तिने आठवून पुन्हा लिहिला आणि क्लासच्या हिरामण सरांना दाखवला. सरांनी तो वाचला, चष्मा काढला, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून बोलतात त्या आवाजात बाबांना म्हणाले, "दयारामभाऊ, यात स्वतःचं मत शिरलंय."

बाबांचा चेहरा पडला. "निघंल ना सर?"

"निघेल. दोन महिने लागतील. आणखी कुणाला लागण आहे का घरात?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा दहावीत नुकतीच वर्गप्रतिनिधी झाले होते आणि मला दिवसाला सरासरी अकरा मतं होत होती. त्याआधी मी हजेरीलासुद्धा इतकी हळू 'हजर' म्हणायचे की बाई मला गैरहजर लावायच्या. आता माझं तोंड बंद करायला घरात पाळ्या लावल्या होत्या.

सरांच्या अकॅडमीचं काम मी जवळून पाहिलं आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. स्थापनेपासून तिथे दोनशे बारा विद्यार्थ्यांची मतं काढण्यात आली. त्यांतल्या एकशे नव्वद जणांची पुन्हा उगवली नाहीत. उपचार सोपा असतो. विधान वाचलं की आपल्याला काय वाटतं ते बघायचं नाही. कुठल्या बाजूला उदाहरणं जास्त आहेत ते बघायचं आणि तिकडे जाऊन बसायचं. उदाहरणं क्लासतर्फे मिळतात. एक वेडा शास्त्रज्ञ, एक दुष्काळी गाव आणि एक बुडालेली मोबाइल कंपनी, एवढ्या सामानात जगातलं कुठलंही मत उभं राहतं. (युद्धावर, शिक्षणावर, आईच्या मायेवर. मी तिन्ही वाचली आहेत. शास्त्रज्ञ तोच.) चौथा परिच्छेद विरोधी बाजूचा. तिला पाहुण्यासारखं आत घ्यायचं, पाणी द्यायचं, 'तुमचंही खरं आहे' म्हणायचं आणि रिक्षात बसवून द्यायचं. 'नक्की' हा शब्द वापरला तर क्लासबाहेर उभं करतात.

सरावासाठी क्लासचं एक यंत्र आहे, ते घरून मोबाइलवरही चालतं. निबंध त्यात टाकला की चार सेकंदांत गुण येतात. यंत्राला मत नसतं, म्हणून ते निःपक्षपाती असतं. ताई पहिल्या महिन्यात साडेतीनवर आली, दुसऱ्या महिन्यात चारवर. तिथे मात्र ती अडकली. सर म्हणाले, "अजून थोडं आत राहिलंय. घरीसुद्धा सराव ठेवा."

म्हणून ताईने घरीही सराव ठेवला. चहात साखर हवी का, असं विचारलं तर ती आधी साखरेची बाजू मांडायची. पंखा लावू का, याला तिने एकदा तीन परिच्छेद घेतले. तोवर वीज गेली.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण आई या शास्त्रात अगदी मागास आहे. तिचं नाव सगुणा, शिक्षण सातवी, आणि मत द्यायला तिला अर्धा तास लागत नाही. रेवदंड्याच्या मासळीबाजारात ती टोपलीपुढे वाकते, माशाचा कल्ला बोटाने उचलते, आत बघते आणि म्हणते, "न्हाय." किंवा म्हणते, "दे." कल्ला लाल असला की मासा ताजा, फिका पडला की शिळा. दुसरी बाजू नाही, शास्त्रज्ञ नाही, दुष्काळी गाव नाही. असल्या मताला सहापैकी किती मिळावेत? मी यंत्राला विचारलं. शून्य.

परीक्षा सोमवारी होती. आदल्या शनिवारी आई मामाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेली आणि नाशिकहून आमच्याकडे आठ पाहुणे यायचे होते. आठ पापलेटं आणायचं काम ताईवर आलं. जाताना आई एवढंच म्हणाली, "कल्ला उचलून बघ गो." मी पिशवी धरायला गेले.

बाजारात नलूमावशीने दोन टोपल्या पुढे केल्या. नलूमावशी आमची नेहमीची, आणि आईला खोटं सांगायची तिची छाती नाही. "बाय, ही आजची हायत, पहाटेच्या बोटीची. ही कालची, बर्फातली. कंची देऊ?"

इतका सोपा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. मी म्हटलं, "ताई, आजची."

"थांब," ताई म्हणाली. "हे तुझं वैयक्तिक मत झालं."

मग ती उभी राहिली आणि तिने विचार केला. एकीकडे, आजची मासळी ताजी असते हे बहुतांशी मान्य करता येईल. दुसरीकडे, बर्फ ही विज्ञानाची देणगी आहे. (इथे शास्त्रज्ञ येऊन गेला.) कालच्या मासळीलाही संधी मिळायला हवी. कालची म्हणून ती नाकारणं हा पूर्वग्रह ठरेल. मागे चार बायका खोळंबल्या. बर्फाचं पाणी माझ्या चपलेवर आलं.

"ए बाय," नलूमावशी म्हणाली, "मासं घ्याया आलीस का मासल्यांचं लगीन जमवाया?"

"दोन्ही बाजूंत तथ्य आहे, मावशी," ताई म्हणाली. "चार आजची द्या, चार कालची."

नलूमावशीने आठ मासे माझ्या पिशवीत घातले. मग मला हळूच म्हणाली, "तुजी आई बरी हाय ना गो?"

ताईने एकाही माशाचा कल्ला उचलला नाही. उचलला असता तर मत झालं असतं, आणि परीक्षा परवावर आली होती.

निकाल संध्याकाळपर्यंत हाती आला. आठांपैकी चार पाहुणे समुद्रावर बागडले. उरलेल्या चौघांना समुद्र दिसला नाही, कारण आमच्या बाथरूमची खिडकी वाडीकडे उघडते. म्हणजे पन्नास टक्के समाधान. चौघांत कमलेश नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी रविवारी नाशिकला पोचायच्या आतच, गाडीतून, आमच्याबद्दल इंटरनेटवर अभिप्राय लिहिला. तारा एक. पण अभिप्राय काय सुरेख होता! पहिल्या परिच्छेदात कोकणचं निसर्गसौंदर्य. दुसऱ्यात स्वच्छतेचं महत्त्व. तिसऱ्यात त्यांच्या पोटाचं उदाहरण, सविस्तर. चौथ्यात विरोधी बाजू: 'तथापि माझ्या मेहुण्याला काहीही झालं नाही, हे नमूद केलं पाहिजे.' पाचव्यात समारोप, आणि अख्ख्या अभिप्रायात 'नक्की' एकदाही नाही.

बाबा डोक्याला हात लावून बसले. मी मात्र तो अभिप्राय उचलला आणि क्लासच्या यंत्रात टाकला. चार सेकंद. साडेपाच.

मी ताईला आकडा दाखवला. मग तिने अभिप्राय वहीत उतरवला आणि पाठ केला.

सोमवारी वाशीच्या केंद्रावर विधान आलं, 'निर्णय घेण्यापूर्वी सर्व बाजू ऐकून घ्याव्यात.' ताईने कोकणच्या जागी समाज घातला, स्वच्छतेच्या जागी लोकशाही, पोटाच्या जागी बुडालेली मोबाइल कंपनी. मेहुणा होता तसाच ठेवला. पाच गुण मिळाले. विद्यापीठाने प्रवेश दिला. सरांनी पेढे वाटले आणि कमलेशरावांचा अभिप्राय क्लासच्या भिंतीवर आदर्श उत्तर म्हणून लावला. आमच्या होमस्टेचे तारे पावणेपाचवरून चारवर आले, पण मोठ्या यशाला असं लहानसं पोट बिघडावंच लागतं.

प्रवेशाचं पत्र आलं त्या दुपारी आई पडवीत कोलीम, म्हणजे जवळ्यासारखी बारीक मासळी, निवडत बसली होती. तिने विचारलं, "तुला जायचंय ना गो नक्की?"

ताई म्हणाली, "एकीकडे बघितलं तर..." आणि थांबली. दुसरीकडचं काही आठवेना. शास्त्रज्ञ आला नाही, दुष्काळी गाव आलं नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुठल्या बाजूचं होतं हे तिलाही सांगता येईना.

आईने हात पुसले, ताईची हनुवटी बोटाने वर केली आणि आत बघितलं. चार सेकंद.

"कालची झालीस गो," ती म्हणाली आणि पुन्हा कोलीम निवडायला लागली.

ताई महिनाअखेरीस जाते आहे. जाण्याच्या आणि न जाण्याच्या, दोन्ही बाजूंत तथ्य असल्याचं तिने बाबांना कळवलं, आणि तिकीट आधीच काढलेलं होतं.

तुम्हाला हे वाचून थोडं वाईट वाटलं असेल. मुलगी बरी लिहिते, पण हिरामण सरांचीही काही बाजू असेल, असंही वाटलं असेल. म्हणजे तुम्ही साडेचार गुणांना तयार आहात. आमच्याकडे शनिवारच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. या. पण यायच्या आधी आमचे तारे बघू नका, आल्यावर स्वैपाकघरात जाऊन एकदा कल्ला उचलून बघा. नाही ना बघणार? कमलेशरावांनीही बघितला नव्हता.