परचुऱ्यांची लिफ्ट-पसंती

लोक बर्फावर जातात ते स्की पायाला बांधून घसरायला. आमचे परचुरे जातात ते लिफ्ट बघायला. बघतात, दोन-चारदा बसतात, ओठ मुडपतात आणि टोकियोतल्या आमच्या फुनाबोरीला परत येतात. सोमवारी ऑफिसात विचारावं, "काय परचुरेसान, कशी होती?" की उत्तर ठरलेलं: "रूप ठीक आहे, पण पत्रिका जुळत नाही."

परचुरे आमच्या कंपनीतले ज्येष्ठ इंजिनिअर. मूळचे ठाण्याचे, त्यामुळे बर्फाशी पूर्वसंबंध फक्त गोळ्याचा. इथे आल्यावर त्यांनी कुठेतरी वाचलं, की एका दिवसात स्कीवरून सगळ्यात जास्त उंची कोण उतरतं याचाही विक्रम असतो. लिफ्टनं वर जायचं, घसरत खाली यायचं, पुन्हा वर. दिवसभर हेच, आणि शेवटी सगळ्या उतरणींची बेरीज. तेव्हापासून माणूस बिघडला. जागतिक विक्रम आपल्याला झेपणार नाही हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी बेतानं एक गट शोधला: पन्नाशी उलटलेले, जपाननिवासी, मराठी. या गटात दुसरा स्पर्धक असलाच, तर तो अजून तोंड दाखवायला आलेला नाही.

"अहो, पण तुम्हाला स्की येतं कुठे?" मी एकदा न राहवून विचारलं.

"उतरतो तर दगडही!" परचुरे म्हणाले. "विक्रम माणूस करत नाही हो, लिफ्ट करते. उतरायचं म्हणजे आधी वर नको का जायला?"

मग सुरू झाली स्थळं बघणं. नागानोच्या डोंगरातली एक गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारी बंद केबिन, आली पाहण्यात. मोठ्या घरची, काचेची. पण प्रत्येक फेरीला स्की काढून हातात घ्यावी लागते, देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी. नापसंत. दुसरी वेगवान होती, पण वर पोचल्यावर बराच वेळ सपाटीवरून काठ्या मारत जावं लागे. "सासरी गेल्या गेल्या पाणी भरायला लावणार," म्हणाले. नापसंत. तिसरी वारा सुटला की बंद पडायची. "तब्येत नाजूक." तीही गेली. शेवटी एक सापडली: चार जणांची, झाकणाची, झपाट्यानं सरळ वर नेणारी, रांग नाही. आम्ही मनातल्या मनात अक्षता टाकून मोकळे झालो.

या पाहणीत बरोबर असायची त्यांची मुलगी मैत्रेयी. ती इथेच वाढली, शाळेच्या सहलीत स्की शिकली, त्यामुळे वडिलांना बर्फातून उभं करायचं खातं तिच्याकडे. परचुरे मराठीत परिच्छेदच्या परिच्छेद बोलत, आणि ती म्हणे, "बेत्सुनी." म्हणजे विशेष काही नाही. कॉलेज कसं चाललंय? बेत्सुनी. आईचा फोन आला होता का? बेत्सुनी. आई आजीच्या आजारपणासाठी आधीच ठाण्याला परतली होती. आता एप्रिलमध्ये परचुऱ्यांचीही बदली होणार होती, आणि मैत्रेयी कॉलेजसाठी इथेच हॉस्टेलवर राहणार होती. म्हणजे विक्रम करायचा तर याच हिवाळ्यात.

आमच्या मराठी मंडळानं लगेच समिती नेमली. विक्रम व्हायच्या आधीच सत्काराची शाल आली, अध्यक्षांचं भाषणही तयार झालं. साक्षीदार म्हणून मला निवडलं, कारण मला स्की येत नाही, म्हणजे मी निःपक्षपाती.

ठरल्या दिवशी मी डोंगराच्या पायथ्याशी थर्मास घेऊन उभा राहिलो. परचुरे झाकणाच्या लिफ्टवरून सरळ पुढे निघून गेले. कोपऱ्यात तारेला टांगलेल्या, दोघांपुरत्या उघड्या खुर्च्यांची एक जुनी लिफ्ट रखडत होती. चढताना कुणी नवशिका पडला की ती थांबायची, आणि तिथे सगळे नवशिकेच. बापलेक तिच्यात जाऊन बसले. मला वाटलं, अंग मोकळं करत असतील. दुपार झाली तरी अंग मोकळं होईना.

मैत्रेयी गरम कोको आणायला गेली तशी मी त्यांना गाठलं. "परचुरे, ही? अहो, हिच्यापेक्षा आपण चालत वर पोचू!"

"हीच पसंत केली," ते म्हणाले.

"आणि ती झाकणवाली?"

"तिच्यात बसतो न बसतो तोच वर येतं. गोंडोलात परकी माणसं असतात." त्यांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "मागच्या खेपेला ही मध्येच थांबली होती. तेव्हा पोरगी आपणहून बोलायला लागली. मराठीत. बाबा, एकटं राहायची भीती वाटते, म्हणाली. घरी विचारलं तर उठून खोलीत जाते हो. इथून कुठे जाईल?"

"आणि विक्रम?"

"कुणीतरी करेल की," परचुरे म्हणाले, आणि लेक येताना दिसली तसे घाईनं लिफ्टकडे निघाले.

मंडळाचे फोन येत होते. मी सगळ्यांना सांगितलं, जोरात चालू आहे.

थोड्या वेळानं कुणीतरी पडलं आणि लिफ्ट थांबली. मी वर पाहिलं. मैत्रेयी हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि दिवसभर बडबडणारा हा माणूस मान खाली घालून नुसता ऐकत होता. पडलेला उठला, लिफ्ट चालू झाली. चढणाऱ्यांच्या रांगेकडे बघत मी, कंपनीतला एक सभ्य गृहस्थ, मनापासून प्रार्थना केली की आणखी कुणीतरी पडू दे.