सासूबाईंसाठी तीन लेन्स

माणसाने कॅमेरा जरूर घ्यावा, पण सासऱ्यांना कळू देऊ नये. मला हे वेळेवर सांगणारं कुणी भेटलं नाही.

मी महारुद्र. जिंतूरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबल सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढतो. (पक्षी बहुतेक वेळा उडून गेलेले असतात, पण रिकाम्या फांद्या माझ्याइतक्या कुणी काढल्या नसतील.) गेल्या पौषात सासरे नागप्पा सासूबाईंना घेऊन आमच्याकडे आले. सोनपेठला त्यांचं कापडाचं दुकान आहे. कापडासारखंच ते बोलणंही मोजून देतात. आल्या दिवशीच ते मला एकट्याला गच्चीवर घेऊन गेले.

"जावाईबापू, आठ दिवसांनी हैदराबादला हिचं ऑपरेशन हाय. काळजातली झडप बदलायची म्हणायलेत."

"माहीत आहे, मामा."

"पन्नास वर्सं झाली लग्नाला. दोघांचा मिळून एक फोटू न्हाई. मंजी हायेत, पर त्याच्यात ही दिसत न्हाई. फोटूवाला आला की हिचा पदर पुढं."

"आधार कार्डावर आहे की."

"त्याच्यात गुन्हा केल्यावानी दिसायली." त्यांनी जिन्याकडे बघून घेतलं. "एक फोटू काढा. हिचं तोंड दिसलं पायजे. आन कशाला पायजे ते शिवकन्याला सांगू नका. लय रडंल ती."

शिवकन्या म्हणजे माझी बायको. मी मान डोलावली. 

साध्या माणसाने तिथल्या तिथे कॅमेरा उचलला असता. मी परभणीला गेलो. तिथे राजशेखर नावाचा माझा मित्र लग्नाचे फोटो काढतो.

"कुठंकुठं जानार?" त्याने विचारलं.

ऑपरेशनआधी सासूबाईंना तीन ठिकाणी जायचं होतं. सोनपेठजवळची गोदावरी, त्यांच्या गावचं महादेवाचं देऊळ आणि येलदरीचं धरण. त्यांच्या माहेरची शेतं त्या पाण्याखाली गेली आहेत.

"नदीला वाईड लेन्स घ्या, सगळं पात्र येतंय. देवळात अंधार ऱ्हातो, तिथं पन्नास एमएमची. धरणावर टेली. जागा तशी लेन्स," राजशेखर म्हणाला आणि तिन्ही माझ्या गळ्यात अडकवल्या. फोटो कुणाचा काढायचा ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. घोळ तिथेच झाला.

कारण आमच्या सासूबाई गौराबाई जावयाला तोंड दाखवत नाहीत. ही रीत आता कुणी पाळत नाही, पण त्या पाळतात. बारा वर्षांत मी त्यांचं नाक दोनदा पाहिलं असेल, तेही चुकून. माझ्याशी बोलायचं ते लेकीमार्फत. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी चार दिवस विचार केला तो लेन्सचा, सासूबाईंचा नाही.

गोदावरीवर वाईड लेन्स लावली. या लेन्सला माणसाच्या फार जवळ जावं लागतं, नाहीतर माणसं मुंग्या दिसतात. मी जवळ गेलो. पदर हनुवटीपर्यंत आला.

"शिवे, त्यान्ला म्हणावं, माघं सरा, पाय घसरंल," पदरातून आवाज आला.

फोटोत नदी आली, आभाळ आलं, गंभीर सासरे आले आणि त्यांच्या शेजारी एक उभं हिरवं लुगडं आलं.

देवळात पन्नासची लावली आणि दोन पावलांवर उभा राहिलो. सासूबाई सरळ नंदीच्या मागे जाऊन बसल्या. नंदीचं तोंड फार सुरेख आलं.

परतताना जीपमध्ये सासऱ्यांनी कॅमेऱ्यात नंदी बघितला. घर आल्यावर एवढंच म्हणाले, "येलदरी ऱ्हायली." मला माझीच लाज वाटली. हैदराबादला निघायला दोन दिवस उरले होते.

मग डोक्यात उजेड पडला. दोन्ही लेन्सनी मला जवळ ढकललं होतं. टेली लेन्स लांबून काम करते. जावईच दिसला नाही तर पदर कुणासमोर घ्यायचा?

येलदरीला "पक्षी बघतो" म्हणून मी दोनशे पावलं दूर गेलो आणि पाण्याच्या कडेला चिखलात पालथा पडलो. (लेन्स जड होती, स्टँड घरी राहिला होता.) लेन्समधून पाहिलं. सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि पदर मागे सारला. पाण्याकडे बघत त्या सासऱ्यांना काहीतरी सांगत होत्या, बहुतेक कुठे काय होतं ते. हनुवटी थेट शिवकन्येची. बारा वर्षं ज्यांच्या हातचं जेवलो, त्यांचं तोंड मी आज बघत होतो. डोळे भरून आले आणि बटण दाबायचं राहून गेलं.

तेवढ्यात मागून जाळं घेऊन चाललेले भगवानराव नावाचे एक गृहस्थ ओरडले, "ओ पाहुणे, तुमचा मानूस पडलाय इथं! जित्ता हाय!"

सासूबाईंनी वळून पाहिलं. जावई दिसला तशी त्यांनी गर्रकन पाठ फिरवली. नेमकं तेव्हा मी बटण दाबलं आणि दाबत राहिलो. बेचाळीस फोटो आले. पाठ इतकी स्पष्ट की लुगड्याचे धागे मोजावेत.

पण पाठ माझ्याकडे म्हणजे तोंड पलीकडे, आणि पलीकडे शिवकन्या बसली होती. जावई चिखलात पडलेला बघून सासूबाईंना हसू आवरेना. शिवकन्येने सहज मोबाइल उचलला आणि फोटो काढला. उघडं, हसरं तोंड, आणि शेजारी त्यांच्याकडेच बघणारे सासरे.

सासऱ्यांनी तो मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. उपरण्याने डोळे पुसले. शिवकन्येला सगळं समजलं. ती मला म्हणाली, "एवढं व्हतं तर मला सांगायचं की." मी तीन लेन्स घेऊन उभा होतो.

ऑपरेशन चांगलं झालं. तो फोटो मोठा करून सोनपेठच्या घरात लावलाय. परवा गेलो, तेव्हा शेजारच्या कमलबाई आत सासूबाईंपाशी तो निरखत उभ्या होत्या. मी बाहेर चपला काढत होतो.

"लय चांगला आलाय फोटू. पर माघं पान्याच्या कडंला ते काळं काय लोळायलंय?"

जावई चिखलात लोळतो हे चारचौघात कसं सांगावं, याचा सासूबाईंनी क्षणभर विचार केला असावा.

"म्हैस हाय."

"कुनाची ओ?"

"लेकीची."