भालोसर

भालचंद्र गुप्ते कुठल्याही माणसाकडे बघायला पायापासून सुरुवात करत. आधी बूट, मग गुडघे, मग कंबर, अशी त्यांची नजर सावकाश वर चढायची आणि टाळूशी पोचली की ते मनाशी एक आकडा पुटपुटायचे. माणसाचं तोंड कसं आहे हे बघायला मात्र ते सहसा विसरत. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या ओळखीचा माणूस खुर्चीत बसलेला असला की त्यांना ओळखू येत नसे. "जरा उभा राहा बघू," म्हणायचे, आणि तो उभा राहिला की, "अरे, तू होय!"

माझी त्यांची ओळख ट्राममध्ये झाली. बँकेने मला पुण्याहून कलकत्त्याला पाठवलं होतं आणि अजून मला कुठल्या थांब्यावर उतरायचं तेही नीट कळत नव्हतं. पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत माझ्यापुढे उभे राहिले.

"कितना?" त्यांनी विचारलं.

"धरमतल्ला," मी म्हणालो. मला वाटलं कंडक्टर.

"टिकट नहीं पूछा. हाइट!"

"पाच फूट अकरा," मी घाबरून मराठीतच बोलून गेलो.

त्यांचा चेहरा उजळला. "मराठी? आणि पाच-अकरा? आणि करतोस काय?"

"बँकेत आहे."

"अरेरे," ते कळवळून म्हणाले. "काय ही नासाडी!"

पुढच्याच थांब्यावर त्यांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं आणि थेट त्यांच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवर नेलं. मी तोवर आयुष्यात खेळलेला सगळ्यात दमवणारा खेळ म्हणजे कॅरम. त्यांनी हातात चेंडू दिला आणि म्हणाले, "टाक." मी टाकला. तो शेजारच्या कॅन्टीनमध्ये, शिंगाड्याच्या कढईत जाऊन पडला. शिंगाडा म्हणजे तिकडचा समोसा. कॅन्टीनवाल्याने झाऱ्याने तो अशा सराईतपणे बाहेर काढला की हे रोजचंच असावं हे मी ओळखलं. गुप्तेसरांनी चेंडूचं तेल रुमालाने पुसलं. मग म्हणाले, "ठीक आहे. घड्याळ तरी बघता येतं ना?"

तेव्हापासून बँक सुटली की मी त्यांच्या संघाचा टाइमकीपर.

सर मूळचे पेणचे. लढाईच्या काळात खिदिरपूरच्या गोदीत कारकून म्हणून लागले. तिथे अमेरिकन सोल्जरांनी एका गोदामाच्या भिंतीला लोखंडी कडं ठोकलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीत ते त्यात चेंडू टाकत. गुप्ते आधी नुसते बघत. एकदा एक गडी कमी पडला म्हणून त्यांनी यांना बोलावलं. लढाई संपली, सोल्जर गेले, कडं राहिलं आणि गुप्त्यांचं चित्त त्या कड्यात अडकलं ते अडकलंच. गोदीची नोकरी सोडून ते कॉलेजात व्यायामशिक्षक झाले. लग्न राहून गेलं. "मुली पाच-दोन, पाच-तीनच्या पुढे जात नव्हत्या," एवढंच कारण ते सांगत.

आता कलकत्ता म्हणजे फुटबॉलचं गाव. तिथे बास्केटबॉल शिकवायचा म्हणजे पंढरपुरात मटणाची खाणावळ घालण्यासारखं. सरांकडे येणारी मुलं बहुतेक फुटबॉलच्या संघातून हाकललेली. चेंडू दिसला की त्यांचा पाय शिवशिवायचा. "हात! हात! देवाने हात कशाला दिलेत? मिष्टी खायला?" असं सर ओरडायचे, तेव्हा रस्त्यावरचे हातरिक्षावाले थांबून आपले हात बघत.

त्यांची बंगाली ही स्वतंत्र भाषा होती. पंचवीसएक वर्षं तिकडे राहूनही त्यांनी तिच्यात बरीचशी क्रियापदं मराठीच ठेवली होती. "तुमि गाढव आछे! आमि काय शांगितला, तुमि काय कोरला?" मुलांना ती समजायची. मुलं त्यांना भालोसर म्हणत. भालचंद्राचं ते लाडकं रूप असेल असं मला वाटलं होतं. एका मुलाने खुलासा केला. भालो म्हणजे चांगलं; आणि हा शब्द सरांच्या तोंडून कुणीही, कधीही ऐकलेला नव्हता, म्हणून!

वीज जायला लागली तेव्हा इतर कॉलेजांनी संध्याकाळचा सराव बंद केला. सरांनी केला नाही. "अंधारात पास देता आला तर उजेडात कोण अडवणार?" असं त्यांचं म्हणणं. "चेंडू बघू नका, ऐका!" आम्ही ऐकू लागलो. पहिल्याच आठवड्यात दोघांची नाकं सुजली. त्यातलं एक माझं. मी तर नुसता घड्याळ धरून बाजूला उभा होतो.

उंचीचं एवढं वेड असलेल्या या माणसाच्या संघाचा कणा होता तापस. हा पोरगा सरांच्या खांद्याला लागायचा. पण चेंडू त्याच्या हातात आला की समोरच्यांना फक्त तो गेल्याचं कळायचं. सरांनी त्याला पायापासून बघायला सुरुवात केली आणि नजर फार लवकर डोक्याशी पोचली म्हणून ते क्षणभर गोंधळले, असं मुलं सांगत.

तापसच्या आईचा खेळाला विरोध होता. मुलाने शिकावं, बस्स. सर तिची समजूत घालायला गेले आणि साक्षीदार म्हणून मला घेऊन गेले. त्या बाईंनी, सगळी मुलं त्यांना माशीमा म्हणजे मावशी म्हणत, रीतीप्रमाणे आधी जेवायला वाढलं. मोहरीतला इलिश मासा. इलिशला केसासारखे बारीक काटे. माझी तर घशापाशी गाडी अडली. सर मात्र कायस्थ प्रभू. एका हाताने काटे वेगळे करत, दुसरा तुकडा मागत, त्यांनी असा काही मासा खाल्ला की माशीमा पंखा हलवायच्या थांबल्या.

"तुमच्या देशातही मासे असतात?" त्यांनी विचारलं.

"असतात म्हणजे? पापलेट, बोंबील, सुरमई..."

"समुद्रातले?" माशीमांनी नाक मुरडलं. "ते कसले मासे!"

झालं. दोघं दिवेलागणीपर्यंत भांडले. बोंबलाच्या बाजूने सर उठून उभे राहिले, इलिशच्या बाजूने माशीमाही. तापसचा विषय निघालाच नाही. तरी निघताना दारात माशीमा म्हणाल्या, "ज्याला इलिश असा खाता येतो तो माणूस धीराचा असतो. जाऊ दे पोराला खेळायला."

पुढे दिवस बिघडले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं ते कलकत्ता ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. भिंती क्रांतीच्या घोषणांनी भरल्या, परीक्षा पुढे जात राहिल्या, संध्याकाळी कुठे धडाका झाला की लोक दारं लावून घेत. तापस सरावाला येईनासा झाला. मग एकदा बातमी आली की त्याला चळवळीतला म्हणून पोलिसांनी धरून नेलं. त्याच्या वडिलांची सरकारी नोकरी. "मला मुलगा नाही," असं त्यांनी दारातच सांगून टाकलं आणि माशीमांना तुरुंगाकडे फिरकायची बंदी केली.

कोर्टवर मुलं घोळका करून कुजबुजत होती. सर आले. एकाने विचारलं, "सर, तापसचं कळलं का?" सरांनी जोरात शिट्टी फुंकली. "बोलायचं नाही. पळायचं." मला ते खटकलं. पोरगा तुरुंगात आणि यांना सरावाची पडलीय. तेव्हापासून रविवारी सकाळी आम्हा चार मराठी मंडळींच्या पोह्यांनाही ते येईनासे झाले. विचारलं तर म्हणायचे, "काम असतं."

त्या हिवाळ्यात त्यांचा संघ आंतरकॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. इतक्या वर्षांत असं कधीच झालं नव्हतं. सामना शेवटपर्यंत बरोबरीत चालला होता. सर माझ्या मागे उभे होते आणि आधाराला त्यांनी माझी कॉलर धरली होती. शंकर नावाच्या आमच्या ताडमाड पोराने अगदी शेवटी चेंडू कड्यात टाकला आणि एकच आरोळी उठली. मीही उठलो. कॉलर सरांच्या हातातच राहिली.

मुलं धावत आली आणि त्यांच्याभोवती उभी राहिली. आता तरी तो शब्द येणार! सरांनी सगळ्यांचे पाय पाहिले, गुडघे पाहिले, आणि म्हणाले, "फार जड पळत होतात."

रविवारी कॉलेजात सत्कार ठेवला. प्रिन्सिपॉल, आजवर या खेळाला 'तो टोपलीचा खेळ' म्हणणारे, भाषण पाठ करून आले होते. हार होता, शामियाना होता, संदेश मिठाईचे डबे होते. नव्हते फक्त गुप्तेसर. आणि टेबलावर बघतो तर कपही नव्हता!

"कप कुठाय?" प्रिन्सिपॉल किंचाळले. कपाटं उघडली. कॅन्टीनवाल्याने कढईतसुद्धा झारा फिरवून पाहिला. शेवटी दरवान म्हणाला, "भालोसर सकाळीच पिशवीत घालून घेऊन गेले." प्रिन्सिपॉल मटकन बसले. मला फर्मान सुटलं, "मिस्टर दाते, तुम्ही त्यांचे देशवाले. धरून आणा."

सरांच्या घरमालकिणीने मला पत्ता दिला. "रविवारी ते कुठे असतात हे तुम्हाला ठाऊक नाही?" ती नवलाने म्हणाली.

तुरुंगाच्या फाटकाबाहेर बायकांची लांब रांग होती. हातात डबे, पिशव्या, धुतलेले कपडे. त्या सगळ्या आयांच्या मध्ये, पांढरी पँट आणि पांढरा शर्ट घालून सर उभे होते. एका हातात माशीमांनी चोरून दिलेला डबा, दुसऱ्या हातात पिशवी. फाटकावरचा बिहारी शिपाई पिशवीत डोकावत होता.

"इसमें क्या लाया है?"

"कुछ नहीं. खाली है."

"खाली बर्तन अंदर ले जाके क्या करेगा?"

"दिखाएगा!" सर ओरडले. सगळी रांग दचकली. शिपायाने कप ठेवून घेतला. सरांनी मागे वळून मला पाहिलं. मी तिथे कसा, हे त्यांनी विचारलं नाही. "आलास? बरं झालं. ये," म्हणाले, आणि शिपायाला माझ्याकडे बोट दाखवून बजावलं, "ये भी मेरा आदमी है. देख के रखो."

आत दुहेरी जाळी होती. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. दोन्हीकडून सगळे एकदम बोलत असल्याने कुणाचंच कुणाला ऐकू जात नव्हतं. तापस आला. हनुवटी टोकदार झाली होती. तो हसला. सरांनी नमस्कार-चमत्कार काही न करता सामना सांगायला सुरुवात केली. त्यांचा तो कोर्टवरचा आवाज! हळूहळू बाकीचे गप्प झाले. सर डावीकडे झुकत होते, हवेत हात फेकत होते, त्या भयंकर बंगालीत एकेकाच्या चुकांचा उद्धार करत होते. शंकरने शेवटचा चेंडू टाकला तेव्हा जाळीच्या पलीकडे टाळ्या पडल्या. पहारेकऱ्याने घड्याळ बघायचं सोडून विचारलं, "जीत गए?"

मग सर जाळीजवळ गेले आणि मी कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "हात दाखव."

तापसने दोन्ही पंजे वर धरले. सरांनी मान वाकडी करून एकेक बोट पाहिलं. दोन बोटं वाकडी होती. "वळतात का?" तापसने वळवून दाखवली. "दुखलं तरी वळवत राहा," सर म्हणाले. वेळ संपली.

बाहेर शिपायाकडून कप घेऊन आम्ही ट्रामकडे चालू लागलो. मी म्हणालो, "सर, कॉलेजात सगळे थांबलेत."

"थांबू देत." थोडं पुढे जाऊन ते थांबले. "दाते, त्या शिपायाने तुला नीट पाहिलं ना?"

"पाहिलं. का?"

"माझं वय झालं. एखाद्या रविवारी मला नाही जमलं तर? बाप येत नाही, आईला येऊ देत नाहीत. तो पोरगा जाळीपाशी येऊन उभा राहील आणि इकडे कुणी नसेल." त्यांनी कप या हातातून त्या हातात घेतला. "बदली खेळाडू तयार ठेवावा लागतो."

ती वेळ उन्हाळ्यात आली. सरांना विषमज्वर झाला आणि आम्ही त्यांना इस्पितळात ठेवलं. ताप चढला की ते नर्सला तिची उंची विचारत. रविवारी मी एकटा डबा घेऊन रांगेत उभा राहिलो. शिपायाने मला काही न विचारता आत सोडलं. तापस माझ्या मागे, दाराकडे बघत राहिला. सरांच्या आजाराचं मी सांगितलं तसा तो जाळीला टेकला आणि म्हणाला, "त्यांच्याजवळ कोण आहे?"

"सगळा संघ. पाळ्या लावल्यात."

निरोपाची घंटा झाली तेव्हा तो म्हणाला, "सरांना सांगा, मी रोज पहाटे सराव करतो. चेंडू नाही, पण करतो."

मी तसाच इस्पितळात गेलो. सर भिंतीला उशी लावून माझीच वाट बघत बसले होते. मी स्टुलावर बसलो तरी मला उभं राहायची गरज पडली नाही. त्यांनी लगेच ओळखलं.

"वजन उतरलंय का त्याचं? जेवला ना? हसला?"

मी सगळं सांगितलं, मग निरोप सांगितला.

"खोटारडा," सर म्हणाले. "बाहेर होता तेव्हा एकही दिवस वेळेवर आला नाही, आता म्हणे पहाटे!"

आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. त्या उकाड्यात चादर बराच वेळ हलत राहिली. मी पंख्याचं बटण दाबायला म्हणून उठलो आणि खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.