दौलतभाऊ सांगून जळतात

आमच्या मंगरूळपिरात दुसऱ्याचं बघून जळणाऱ्यांना तोटा नाही. मीही त्यातलाच. पण आम्ही बाकीचे लोक रीतीप्रमाणे मनातल्या मनात जळतो आणि तोंडाने 'वा, छान' म्हणतो. दौलतभाऊ तेवढे घरी येऊन सांगून जातात.

डॉक्टरांनी नवी सायकल घेतली तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात तापाचे रोगी बसलेले, आणि दौलतभाऊ वांग्याची पाटी दाराशी ठेवून सरळ आत शिरले. "डॉक्टरसाहेब, तुमची सायकल पायली. मले लय हेवा वाटून राह्यला. मनात ठेवला त नजर लागन तिले, म्हून सांगाले आलो." एवढं बोलून त्यांनी बंडीच्या खिशातून मीठ-मिरच्यांची पुडी काढली, सायकलवरून उतरवली आणि सुया उकळायच्या शेगडीत टाकली. मग ज्यांना खोकला नव्हता तेही रोगी खोकायला लागले. डॉक्टरांनी नंतरही तक्रार केली नाही, कारण सायकल दिवाळीपर्यंत एकदाही पंक्चर झाली नाही.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. "हेवा वाटला त पाप नाही. दडवला त पाप हाये." दडवलेला हेवा आंबतो आणि त्याची नजर होते, सांगितलेला हेवा वाऱ्यावर जातो, असा त्यांचा पक्का हिशेब. ही निष्ठा इतकी, की इंझोरीच्या पाटलांनी फोनो आणल्याचं बाजारात कानावर आलं तेव्हा भाजीची पाटी शेजारणीच्या हवाली करून ते मिळेल त्या बैलगाडीने इंझोरीला गेले. तिथे पाटलांना आपला जळफळाट कळवला, फोनोची नजर काढली, गाणी ऐकली, जेवले आणि परत आले. पाटील इतके खूश झाले की त्यांनी गाडी जोडून पोचतं केलं.

हळूहळू गावात असं झालं की दौलतभाऊंनी हेवा केल्याशिवाय वस्तू घेतल्यासारखी वाटेना. सोनारीणबाई नव्या पाटल्या घालून काही काम नसताना आमच्या ओट्यापुढून फेऱ्या मारत. आमच्या म्हणजे माझ्या आणि दौलतभाऊंच्या. एकाच घराचे दोन भाग होते, मालक कारंज्याला. एका भागात मी, बायको आणि मुलगी, दुसऱ्यात दौलतभाऊ एकटे. त्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. नाल्याकाठी लहानसा मळा होता. पहाटे मोट धरायची, दिवसभर भाजी, संध्याकाळी घर.

मध्ये एक मातीची भिंत, आणि त्या भिंतीतून ते आमच्या संसारात नांदत. "वहिनी, मोहरी जळली," असं पलीकडून ऐकू यायचं. मुलगी एकोणिसाच्या पाढ्यात अडखळली की भिंत पुढचा आकडा सांगायची, आणि तो बहुधा चुकीचा असायचा. बायको कपाळाला हात लावायची. तिच्या आयुष्यातलं एकच मागणं होतं, आपल्या फोडणीचा आवाज आपल्याच घरात राहावा.

माझं मागणं वेगळं होतं. मी तहसील कचेरीत कारकून. आमचे वरचे अधिकारी नाझर गावाबाहेर, कापसाच्या जिनाच्या पलीकडे जी नवी वस्ती होत होती तिथे घर बांधून राहायला गेले आणि माझी झोप उडाली. रोज कचेरीत आल्याआल्या टोपी काढून म्हणायचे, "आमच्याकडे वारा फार." उन्हाळ्यात वारा, पावसाळ्यात वारा. त्यांच्या अंगणातल्या वाऱ्याने मला कचेरीत घाम फुटायचा. जन्म भाड्याच्या घरात गेला, बापाचाही गेला, आणि हा माणूस मला वारा सांगतो!

अशात जिनाच्या फिटरची अकोल्याला बदली झाली आणि त्याचं तिथलं घर विकायला निघालं. तीन खोल्या, कौलं नवी, दारात कडुनिंब, स्वतःची विहीर आणि चारी बाजूंनी मोकळी जागा. बाजार लांब पडणार होता, शाळा लांब पडणार होती, अंधार पडला की कोल्हे ओरडायचे. मी आणि बायकोने उलटसुलट पुष्कळ विचार केला, आणि प्रत्येक वेळी मला नाझरांची टोपी आठवून विचार घराच्या बाजूने पडायचा. शेवटी ठरलं. बयाना तेवढा द्यायचा राहिला.

सगळ्यात आधी मी दौलतभाऊंना सांगितलं. खरं सांगायचं तर त्यांचा हेवा ऐकायलाच गेलो होतो. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. "बरं झालं," म्हणाले, आणि पुढची जुडी घेतली.

मी थांबलो. पुडी निघेना. दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा गेला तरी नाही. भिंतीपलीकडून मोहरीबद्दलही शब्द नाही.

मला फार लागलं. सायकलचा हेवा झाला, फोनोचा झाला. नाझरांच्या घराचा तर असा मनापासून केला होता की नाझरीणबाईंनी त्यांना शिरा खाऊ घातला. आणि जन्मभराच्या शेजाऱ्याच्या घराला नुसतं 'बरं झालं'? पहिल्यांदाच मला एका सायकलचा मत्सर वाटला.

बायकोने वेगळाच अर्थ काढला. "त्यायले हेवा वाटला नाही असं होनारच नाही," ती म्हणाली. "दडवून राह्यले ते. दडवलेल्या हेव्याच्या घरात मी पोरीले घेऊन पाय ठेवनार नाही." दौलतभाऊंचंच शास्त्र ते, पण घरोघर बसलं होतं. त्यांच्या तोंडून हेवा निघेपर्यंत बयाना द्यायचा नाही, असा तिने हुकूम काढला. तिकडे फिटर घाईत, आणि एक कापडवाला त्या घराभोवती घिरट्या घालायला लागलेला. माझं पहिलंवहिलं घर एका माणसाच्या न जळण्यामुळे हातचं चाललं होतं.

मग मीच दौलतभाऊंना घर दाखवायला घेऊन गेलो. कौलं दाखवली, विहिरीचं पाणी काढून प्यायला दिलं, कडुनिंबाखाली उभं केलं. वाराही नेमका सुटला होता. ते पाणी प्याले आणि आत जाऊन एकेक भिंत बोटांनी वाजवून पाहायला लागले.

या भिंतीपलीकडे कोण राहतं, विचारलं. कोणी नाही, मी म्हणालो. आणि या? मोकळी जागा. चारी भिंती झाल्या. मी चारी वेळा मोठ्या अभिमानाने 'कोणी नाही' म्हणालो. ते बाहेर येऊन विहिरीच्या काठावर बसले.

माझा धीर सुटला. "दौलतभाऊ, नाझराच्या घराचा हेवा वाटला तुमाले. माह्या घराचा काहून नाही वाटत?"

"वाटत नाही त खोटं कसं सांगू?" ते म्हणाले. "घर चांगलं हाये. घेऊन टाका." मग विहिरीत पाहत म्हणाले, "सांजीले मळ्यातून येतो, खाटंवर पडतो. पोट काही मांगत नाही. मंग भिंतीपल्याड तुमचे ताटं वाजतात, तवा मले भूक लागते."

तुम्हीही इकडेच जागा घ्या, असं काहीतरी म्हणालो. मळा गावाच्या त्या टोकाला होता. पहाटेची मोट सोडून ते कुठे येणार होते? आणि आले असते तरी इथे दोन घरांना मिळून भिंत नव्हती.

"तुमच्या बाजूले आज ना उद्या कोनी घर बांधीनच," ते म्हणाले. "त्या मानसाचा मले आत्तापासून हेवा वाटून राह्यला. लय वाटून राह्यला. आता सांगा, हे त्याले कोठी जाऊन सांगू? त्याची नजर कशी काढू? तो त अजून आलाच नाही."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "द्या बयाना. हेवा सांगून झाला त्यायचा." त्या रात्री तिने फोडणी दिली ती अगदी भिंतीजवळ बसून.

आता आम्ही नव्या वस्तीत राहतो. वारा खरंच फार येतो. कचेरीत मी त्याबद्दल बोलत नाही. दर बाजाराच्या दिवशी उरलेली भाजी घेऊन दौलतभाऊ इतक्या लांब चालत येतात. बायको पाट मांडते, ताट वाढते. पहिला घास घेण्याआधी ते बाहेर मोकळ्या जागेकडे पाहतात आणि विचारतात, "बाजूची जागा गेली काय?" नाही म्हटलं की पोटभर जेवतात, वर मोहरी जळाल्याचंही सांगतात.

काल त्या जागेत दगडाच्या गाड्या रिकाम्या झाल्या. पायाच्या आखणीच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या, खुंट्या ठोकल्या गेल्या. उद्या बाजार आहे. बायको सकाळपासून दारात उभी राहून तो दगडांचा ढीग पाहते आहे. मला म्हणाली, "तुमी काही बोलू नका. मीच सांगीन त्यायले, तिथं देऊळ होऊन राह्यलं म्हून. देवाचा त ते हेवा करनार नाहीत."

मला तेवढीही खात्री वाटत नाही.